ऐकणाऱ्याची जागा : बायबलमधील न्याय व करुणा यांची वाङ्मयीन घडण

बायबलमधील न्यायविचाराची चर्चा मराठीत बहुधा दोन अंगांनी होते. एक अंग धर्मशास्त्राचे. त्यात देवाचा न्याय आणि देवाची दया यांचा मेळ कसा घालावा, हा मुख्य प्रश्न असतो. दुसरे अंग समाजसुधारणेच्या इतिहासाचे. त्यात एकोणिसाव्या शतकातील शाळा, दवाखाने, अनाथाश्रम यांच्यामागील प्रेरणा म्हणून या शिकवणुकीकडे पाहिले जाते. दोन्ही अंगांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु दोहोंतही एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे, संहितेतून उपदेश वेगळा काढता येतो आणि तो काढून घेतल्यावर उरलेले कथानक फोलपटाप्रमाणे बाजूला ठेवता येते.

हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे. कारण 'दुर्बळाला छळू नका, विधवा व पोरके यांना न्याय द्या' एवढाच उपदेश असेल, तर तो बायबलचा विशेष नव्हे. १९०१-०२ मध्ये सूसा येथे सापडलेल्या हम्मुराबीच्या शिलालेखातही बलवानाने दुर्बळाला त्रास देऊ नये, विधवेला व पोरक्याला न्याय मिळावा, हा हेतू राजाने स्वतः सांगितलेला आहे. तो लेख बायबलमधील विधिग्रंथांहून कित्येक शतके जुना आहे. आशय इतका समान असताना बायबलची संहिता वाचकाला ज्या रीतीने अस्वस्थ करते ती रीत कोठून येते? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ती रीत उपदेशात नसून संबोधनाच्या घडणीत आहे. न्यायाविषयी बोलताना ही संहिता ऐकणाऱ्याची जागा बदलते. तो न्यायाधीशाच्या किंवा दात्याच्या आसनावर बसून ऐकू लागतो आणि बोलणे संपेपर्यंत त्याला तेथून उठावे लागते. करुणा हा या स्थानांतराचा परिणाम आहे. ती वरून घातलेली भर नव्हे.

हिब्रू कथनाच्या वाङ्मयीन अभ्यासाला एरिक आउअरबाख यांच्या १९४६ मधील ग्रंथापासून जी दिशा मिळाली आणि रॉबर्ट आल्टर (१९८१) व मेइर स्टर्नबर्ग (१९८५) यांनी जी पुढे नेली, तिचा आधार येथे घेतला आहे. न सांगितलेल्या गोष्टींच्या योगाने वाचकाला कामाला लावणे, हे या कथनाचे वैशिष्ट्य त्यांनी दाखवून दिले. न्यायविषयक उताऱ्यांत हे काम नैतिक स्वरूपाचे असते, एवढीच भर येथे घालावयाची आहे.

१

प्रथम संज्ञांचा विचार करू. 'मिश्पाट' म्हणजे निवाडा, आणि निवाड्याने प्रस्थापित होणारी योग्य व्यवस्था. 'त्सेदाका' म्हणजे नात्यातील आपली बाजू खरेपणाने निभावणे. मराठी बायबलमध्ये तिला 'न्यायीपणा', 'नीतिमत्त्व' असे पर्याय मिळाले आहेत. 'हेसेद' म्हणजे बांधिलकीतून येणारी, कर्तव्याच्या पलीकडे जाणारी दया. या तिन्ही संज्ञा संदेष्ट्यांच्या वाणीत वारंवार जोडीने येतात. 'न्याय कठोर, दया कोमल' ही आपल्या परिचयाची विभागणी त्यांना लागू पडत नाही. पुढील काळातील हिब्रूत 'त्सेदाका' हाच शब्द गरिबाला द्यावयाच्या दानासाठी रूढ झाला आणि अरबीतील 'सदका' हा त्याचा भाषिक सोयरा आहे. गरिबाला देणे ही मेहेरबानी नसून नाते निभावणे आहे, हा अर्थ या शब्दाच्या पोटातच आहे. मराठीतील 'दान' वा 'दया' या शब्दांना मात्र देणाऱ्याच्या उंचीची छटा चिकटलेली आहे.

यशयाच्या पाचव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचे गीत या संज्ञांचा वापर कसा करते, हे पाहण्यासारखे आहे. कवी प्रारंभी प्रेमगीताचा सूर लावतो. एका मित्राने कष्टाने मळा लावला, पण त्यात आंबट द्राक्षे आली. मग यरुशलेमच्या रहिवाशांनाच विचारले जाते की, मळा व मळेवाला यांच्यात निवाडा तुम्हीच करा. ऐकणारे पंच झाले. लगेच कळते की मळा म्हणजे तेच. ज्या ओळीत हे कळते तिच्यात दोन शब्दश्लेष आहेत. देवाने 'मिश्पाट'ची अपेक्षा केली तर दिसला 'मिस्पाख', म्हणजे रक्तपात. 'त्सेदाका'ची केली तर ऐकू आली 'त्सेआका', म्हणजे गांजलेल्याची आरोळी. न्याय आणि अन्याय यांत कानाला एखाद्याच ध्वनीचे अंतर आहे. भाषांतरात हा श्लेष जातो आणि त्याबरोबर एक विचारही जातो: अन्याय्य समाज बाहेरून न्याय्य समाजासारखाच ऐकू येतो; त्यासाठी कान तयार असावा लागतो.

२

ही आरोळी विधिग्रंथांतही ऐकू येते. हम्मुराबीची कलमे तृतीयपुरुषी आहेत. अमुक मनुष्याने अमुक केले तर अमुक शिक्षा, अशी त्यांची रचना. बायबलमध्येही तशी कलमे पुष्कळ आहेत. पण परका, विधवा, पोरका व गरीब यांचा विषय निघाला की वाक्यरचना बदलते. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात विधी एकदम 'तू' आणि 'तुम्ही' म्हणू लागतो आणि आज्ञेला कारण जोडतो. परक्याला छळू नये, कारण ऐकणारे स्वतः मिसर देशात परके होते. हे कारण तार्किक नाही. ते स्मृतीचे आहे. ज्याला आज्ञा दिली आहे त्याला आज्ञेतील दुर्बळाच्या जागी एकदा उभे करून मग बोलले जाते. हम्मुराबीच्या लेखात न्याय देणारा राजा स्वतःची थोरवी सांगतो. येथे न्याय द्यावयाचा आहे तो कालचा गुलाम आहे आणि त्याला थोरवी सांगावयास जागाच ठेवलेली नाही.

याच अध्यायातील गहाण पांघरुणाचा नियम पाहा. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर ते सूर्यास्तापूर्वी परत करावे. व्यवहाराच्या दृष्टीने हा नियम विचित्र आहे. रोज संध्याकाळी परत करावे लागणारे गहाण हे गहाणच नव्हे. पण विधी तेथे थांबून एक प्रश्न विचारतो: दुसरे पांघरूण नसलेला तो माणूस रात्री काय अंगावर घेऊन निजेल? कायद्याच्या भाषेत प्रश्नाला स्थान नसते. हा प्रश्न सावकाराला हिशेबाच्या जागेवरून उठवून रात्रीच्या थंडीत नेतो. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात हे स्थानांतर शब्दशः घडते. धनकोने गहाण आणण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे आणि ऋणकोने वस्तू बाहेर आणून द्यावी. उंबऱ्याबाहेर ताटकळणारा आता सावकार आहे. देणेकऱ्याची अब्रू राखणारा हा नियम एका शारीरिक मांडणीतून बोलतो. 'अब्रू' हा शब्द त्यात कोठेही नाही.

हे केवळ आदर्शाचे चित्र नव्हते, याचा एक लहानसा पण हृद्य पुरावा उपलब्ध आहे. १९६० मध्ये इस्राएलच्या किनारपट्टीवर, यावने यामजवळच्या एका जुन्या गढीत खापरावर लिहिलेला हिब्रू मजकूर सापडला. तो इ. स. पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. कापणी करणारा एक मजूर अधिकाऱ्याकडे दाद मागतो आहे. आपण नेमून दिलेले काम पुरे केले असताना मुकादमाने आपले वस्त्र काढून नेले, बरोबरीचे मजूर साक्ष देतील, वस्त्र परत मिळावे, असे त्याचे म्हणणे आहे. तो कोणत्याही ग्रंथाचा दाखला देत नाही. परंतु निर्गममधील प्रश्न ज्या माणसाच्या वतीने विचारला आहे, त्या माणसाचा आवाज या खापरावर उमटला आहे. तक्रारीचा निकाल काय लागला, ते खापर सांगत नाही.

३

पांघरुणाचा हाच धागा इ. स. पू. आठव्या शतकात आमोसच्या वाणीत येतो. तकोवा गावचा हा मेंढपाळ दुसऱ्या यराबामाच्या राजवटीत, उत्तरेच्या राज्यात बोलू लागला. त्याच्या ग्रंथाचे पहिले दोन अध्याय वक्तृत्वाच्या दृष्टीने असामान्य आहेत. एकाच ठरावीक चौकटीत तो एकेका शेजारी राष्ट्राचे अपराध सांगतो: दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. हे अपराध युद्धातील क्रौर्याचे आहेत. बंदिवानांची विक्री, गर्भवतींची हत्या, मृत राजाची हाडे जाळणे. प्रत्येक नावाबरोबर इस्राएली श्रोत्याची मान डोलत असणार. सातवे नाव यहूदाचे येते. तोही दक्षिणेचा भाऊबंद असला तरी प्रतिस्पर्धीच. सात हा पूर्णतेचा अंक. यादी संपली असे वाटते, आणि आठवे नाव इस्राएलचे येते. काही अभ्यासक यहूदाविषयीचा भाग नंतरचा मानतात. तसे असले तरी, संपादकाला या रचनेचे मर्म नेमके कळले होते, एवढेच त्यावरून सिद्ध होईल.

महत्त्वाचे ते असे की, इस्राएलचे अपराध युद्धातील नाहीत. चांदीसाठी नीतिमानाला विकणे, जोड्याच्या जोडासाठी गरजूला विकणे आणि गहाण घेतलेल्या वस्त्रांवर वेदीजवळ लोळणे, हे ते अपराध. बाजारात रोज घडणाऱ्या, कदाचित कायद्यात बसणाऱ्या गोष्टी आमोसने नरसंहाराच्या पंक्तीला बसवल्या आहेत. 'सामाजिक अन्याय हे हिंसेचेच रूप आहे' हे विधान तो करीत नाही. ते यादीच्या रचनेतून घडते. ज्याने सहा राष्ट्रांच्या वेळी मान डोलावली त्याला सातव्या-आठव्याच्या वेळी ती थांबवता येत नाही. निवाडा त्याचाच असतो, फक्त आरोपी बदलतो.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील नाथानाची गोष्ट या तंत्राचा सर्वांत आटोपशीर नमुना आहे. दावीद राजाने उरीयाची पत्नी बथशेबा हिला आणविले आणि उरीयाला रणांगणात मारविले. संदेष्टा नाथान त्याच्यासमोर एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची हकीकत मांडतो. ती मेंढी त्या गरिबाच्या घासातले खात असे, पेल्यातले पीत असे, त्याच्या उराशी निजत असे. खाणे, पिणे, निजणे ही तीन क्रियापदे दाविदाने आधी ऐकलेली आहेत. सैन्य उघड्यावर असताना आपण घरी जाऊन खावे, प्यावे, पत्नीशी निजावे हे उरीयाने नाकारले होते. राजाला हे आठवत नाही. वाचकाला आठवावे अशी योजना आहे. श्रीमंताला स्वतःच्या कळपातील जनावर कापवेना, म्हणून त्याने गरिबाची मेंढी घेतली. या 'न कापवण्या'साठी जे हिब्रू क्रियापद आहे तेच दावीद निकाल देताना 'दया न करणे' या अर्थाने वापरतो. श्रीमंताला दया होती. ती आपल्या मालमत्तेपुरती होती. राजा मृत्युदंडाची भाषा बोलतो, चौपट भरपाई ठरवतो, आणि नाथान अवघ्या दोन हिब्रू शब्दांत तो माणूस कोण ते सांगतो. विधीप्रमाणे निकाल अचूक होता. चुकली होती ती निकाल देणाऱ्याची जागा.

४

ही परंपरा ध्यानात घेतल्यावर लूकच्या दहाव्या अध्यायातील शोमरोन्याची कथा नव्याने वाचता येते. तिच्या वाचनाचा इतिहास हाच एक समीक्षेचा विषय आहे. ऑगस्टीनने तिचे संपूर्ण रूपक केले: जखमी माणूस म्हणजे आदाम, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आडोल्फ य्यूलिखर यांनी रूपक नाकारून दृष्टान्ताला एकच नैतिक तात्पर्य असते असे प्रतिपादिले. पहिल्या वाचनात ऐकणाऱ्याला काही करावे लागत नाही. दुसऱ्यात त्याला एक चांगले उदाहरण मिळते. दोहोंतही तो आपल्या जागी सुरक्षित राहतो.

प्रसंग असा. एक शास्त्री 'माझा शेजारी कोण' असे विचारतो. हा सीमा आखण्याचा प्रश्न आहे; प्रेमाची जबाबदारी कोठवर, हे त्याला ठरवून हवे आहे. उत्तरादाखल कथा येते. यरुशलेमहून यरीहोस उतरणाऱ्या एका माणसाला लुटारू नागवतात आणि अर्धमेला टाकून जातात. वस्त्रे नाहीत आणि वाचा बंद, तेव्हा तो कोणत्या लोकांपैकी हे ओळखण्याची खूणच उरत नाही. शास्त्र्याने विचारलेली सीमा कथेने पहिल्याच वाक्यात पुसून टाकली. मग याजक येतो, लेवी येतो. एमी-जिल लेव्हाइन यांनी २०१४ मधील ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, याजक व लेवी म्हटल्यावर यहूदी श्रोत्याला तिसरा शब्द 'इस्राएली' हाच अपेक्षित असतो. समाजाची ती रूढ त्रिविध विभागणी होती. म्हणजे तिसरी जागा श्रोत्याचीच होती. तेथे शोमरोनी येतो. ज्यांचे गरिज्जीम डोंगरावरील मंदिर यहूदी राज्यकर्त्याने इ. स. पू. दुसऱ्या शतकात उद्ध्वस्त केले होते, त्यांच्यातला हा एक. मदत करणाऱ्याची जागा गेल्यावर श्रोत्याला उरते ती वाटेवर पडलेल्या माणसाची. रॉबर्ट फंक यांनी १९७० च्या दशकात हा मुद्दा ठासून मांडला होता. आमोस आणि नाथान यांच्या रांगेत ठेवून पाहिले, तर ही जुन्याच हिब्रू तंत्राची परिणती आहे असे दिसते. शिवाय इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात शोमरोनातील माणसे यहूदी बंदिवानांतील उघड्यांना वस्त्रे देतात, तेल लावतात, अशक्तांना गाढवांवर बसवून यरीहोस पोहोचवतात. कथेतील बहुतेक तपशील तेथे आधीच आहेत. शास्त्र्याला हे ठाऊक असणार. शत्रूकडून मिळालेली दया त्याच्याच ग्रंथात नोंदलेली होती.

अखेरीस येशू प्रश्न उलटा करतो. शेजारी कोण, असे न विचारता शेजारी कोण झाला, असे विचारतो. शास्त्री 'शोमरोनी' हा शब्द उच्चारत नाही. दया करणारा, एवढेच म्हणतो. त्याच्या या आडवळणात त्याचा पराभव आहे आणि त्याची सुरुवातही आहे.

५

मराठी वाचकाच्या दृष्टीने येथे दोन शब्द विचारार्ह ठरतात. शोमरोन्याला जे वाटले त्यासाठीचे ग्रीक क्रियापद शरीराच्या आतील अवयवांवरून आले आहे. हिब्रूत करुणेसाठीचा 'रहामीम' हा शब्द गर्भाशयवाचक शब्दाशी संबद्ध आहे. मराठी बायबलने येथे 'कळवळा' हा शब्द योजला, ही भाषांतराची मोठी जमेची बाजू आहे. आतडे तुटणे, पोटात कालवणे असे म्हणणाऱ्या भाषेला करुणा शरीरात घडते हे नव्याने सांगावे लागत नाही. 'दया' करता येते. कळवळा यावा लागतो. तो आल्यावर देणाऱ्याची उंची टिकत नाही.

दुसरा शब्द 'शेजारी'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'जवळचा', त्यामागील हिब्रू शब्दाचा 'सोबती'. मराठीत शेजार ही आधी जागेची कल्पना आहे, आणि परंपरागत मराठी गावात जागा जातीने ठरत असे. गावकुसाबाहेरचा माणूस गावाचा होता, त्याची कामे ठरलेली होती, परंतु तो शेजारी नव्हता. त्यामुळे शास्त्र्याचा प्रश्न मराठीत उतरताना मुळापेक्षा अधिक धारदार होतो. कथेत शोमरोनी जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवतो. म्हणजे स्पर्श करतो. योहानाच्या शुभवर्तमानात शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले जाते तेव्हा तिलाच आश्चर्य वाटते. ज्या भाषेच्या प्रदेशात पाण्याच्या हक्कासाठी १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह करावा लागला, त्या भाषेत ही कथा 'परोपकारी माणसाची गोष्ट' म्हणून पाठ्यपुस्तकी वळणाने वाचली जावी, हे वाचनाचे अपयश आहे. उच्चवर्णीय वाचक स्वतःला शोमरोन्याच्या जागी कल्पून सुखावतो. संहितेची मागणी याच्या नेमकी उलट आहे. ज्याच्या हातचे पाणी आपण नाकारले त्याच्या हातची पट्टी आपल्या जखमेवर आहे, अशी कल्पना तिला त्याच्याकडून हवी आहे. 'चांगला शोमरोनी' या रूढ शीर्षकानेही नुकसान केले आहे. ते संहितेत नाही, आणि त्यातील विशेषण इतर शोमरोन्यांविषयी जे सुचवते त्याच्याच विरुद्ध कथा उभी आहे.

६

या प्रतिपादनाच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात परकीय गुलाम कायमचे ठेवण्यास मुभा आहे. विजयकथांत समूळ संहाराच्या आज्ञा आहेत. मिसरची आठवण तेथे विधीला अडवत नाही. नाथानाच्या गोष्टीतही मेंढी बोलत नाही. दाविदाची जागा बदलते, पण बथशेबेला जागाच मिळत नाही. आणि शिक्षेचा भार तिच्या मुलावर पडतो. स्त्रीवादी समीक्षकांनी या मौनाकडे लक्ष वेधले आहे. फिलिस ट्रिबल यांनी १९८४ मध्ये हागारेच्या कथेचे जे वाचन केले ते येथे उपयोगी पडते. हागार ही मिसरी दासी. साराय तिला गांजते, आणि त्या गांजण्यासाठीचे क्रियापद तेच आहे जे पुढे मिसरी लोकांनी इस्राएलांना गांजल्याबद्दल येते. मिसरने इस्राएलला छळण्यापूर्वी इस्राएलच्या आद्य मातेने मिसरी स्त्रीला छळले, हे संहितेने लपवलेले नाही. मवाब्यांना मंडळीत घेऊ नये असे अनुवाद म्हणतो, तर रूथचे पुस्तक दाविदाची पणजी मवाबी होती असे सांगते. म्हणजे या ग्रंथसंग्रहाला एकसंध नीतिशास्त्र मानणे आणि त्यातील विसंगतींमुळे तो मोडीत काढणे, या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. तो स्वतःशी वाद घालतो, आणि त्या वादात वाचकाला पक्षकार करतो.

योनाच्या छोट्या पुस्तकाचा शेवट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. शत्रूची राजधानी निनवे वाचली म्हणून संदेष्टा रुसून बसला आहे. आपल्याला सावली देणारी वेल वाळली याचे त्याला दुःख आहे. देव त्याला विचारतो की, तुला वेलीची कीव येते, तर मला त्या नगरीची का येऊ नये, जिच्यात उजवा-डावा हात न ओळखणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे आहेत? पुस्तक येथे संपते. योना काय म्हणाला ते लिहिलेले नाही. त्याच्या बाजूला बसून नगरीच्या नाशाची वाट पाहणाऱ्या वाचकाकडे तो प्रश्न आपोआप येतो. न्यायाची शिकवण म्हणून या संहितांतून जे सूत्ररूपाने काढून घेतले जाते, त्यात हा प्रश्न मावत नाही. म्हणून त्या वाङ्मय म्हणून वाचण्याची गरज केवळ रसिकतेची नाही, न्यायविचाराचीही आहे.